ओल

एडमंटन ग्रीनच्या तेराव्या मजल्यावर
एमेते हानमच्या उजव्या अंगाबरोबर
तिचं इंग्रजीही गेलं, एकाच सकाळी.
पन्नास वर्षं या भाषेत कोट शिवले तिनं,
आता 'वॉटर'सुद्धा ओठांवर येत नाही.
उरली लहानपणची तुर्की
आणि एक चालता हात.

मी आठ ते अकरा. आंघोळ, गोळ्या, लापशी.
एजन्सीच्या फॉर्मवर एक चौकोन असतो: संवाद.
तो रोज रिकामा सोडायची लाज वाटली,
म्हणून वही घेतली.

पहिला शब्द एव. घर.
एव्दे, घरात. एव्देन, घरातून.
एविमिझ्देकिलेर, आमच्या घरातले सगळे.
मी हसलेच. हे तर आपलंच,
घर, घरातला, घरातल्यांना,
मिरजेच्या शाळेत बाकावर ठेका धरून घोकलेलं
स ला ते, स ला ना ते.

फरक एवढाच, की आपला शब्द आधी वाकतो.
माणूस कमरेत वाकून माणसा होतो
तेव्हा कुठे ला त्याच्या पाठीवर बसतो.
इथं शब्द ताठ.
प्रत्ययानंच समोरचा स्वर बघून
आपला स्वर बदलायचा: एव्दे, पण ओदादा.
मी चुकून ओदादे म्हटलं
की ती चालत्या हाताचं बोट टेबलावर आपटते.
चौदा वर्षं या देशात मी काय करत आले
ते मला त्या टकटकीत कळलं.

मग कपाचा दिवस.
माझ्याच कोपरानं गेला तो.
किर्दिम, मी फोडला, म्हणाले.
तिनं मान हलवली: किरिल्दी.
मध्ये एक ल घातला आणि मला सोडवलं.
फुटला. आपल्याकडेही कप फुटतो, दूध नासतं,
कुणाचं नाव येत नाही.

पण त्याच ल-वर स्वार होऊन पत्रं येतात.
खिडकीखाली भिंतीला ओल आली आहे,
आधी तळहाताएवढी, आता दाराएवढी.
कौन्सिलचं उत्तर मी मोडक्या तुर्कीत वाचते:
तक्रार नोंदवण्यात आली आहे.
पाहणी करण्यात येईल.
कुणाकडून, ते नाही.
तराफिंदान, ती शिकवते. च्याकडून.
तराफ म्हणजे बाजू. अहो, हे तर आपलं तर्फे,
लग्नपत्रिकेच्या तळाशी बसणारं!
ते नाही घातलं तरी वाक्य चालतं,
असं ती हवेत हात फिरवून, पुसून दाखवते.

बुधवारी भिंतीकडे बोट करून मी म्हटलं, ओल.
मराठीच, सहज सुटलेलं.
ती थांबली.
त्यांच्यात ओल म्हणजे मर.

फ्रिजवरच्या फोटोत तिचा भाऊ,
पांढरा सदरा, सायकलला टेकलेला, एकोणीस वर्षांचा.
त्याच्याबद्दल आजवर एकच शब्द होता,
कायबोल्मुश. हरवला म्हणे.
(त्या मुशमध्येच आपलं 'म्हणे' असतं,
डोळ्यांनी न पाहिलेल्या सगळ्यासाठी.)
आज तिनं माझ्या तोंडून ओल घेतलं
आणि अस्तराला टाके घालावेत तशी जोडत गेली:
ओल.
द्युर.
युल.
द्यु.
मर. मार. मारला जा. मारला गेला.
शेवटपर्यंत ओठ गोल,
गरम चहावर फुंकर घालताना होतात तसे.

मी वहीत उतरवून घेतलं.
आणि शिकणाऱ्याच्या मूर्खपणानं विचारलं,
तराफिंदान?

तिनं कपाकडे बघितलं.
चाय सोउदू.
चहा निवला.
तो आपला आपणच निवतो, दोन्ही भाषांत.

मी उठले, दुसरा ठेवला.
अकरा वाजले तेव्हा चौकोनात लिहिलं:
झाला.